मदत हवी आहे: गणपतीत पहिल्यांदाच स्टेजवर बेस वाजवणार आहे, सोपी गाणी सुचवा की

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते, नोकरी करत करत बेस गिटार शिकतेय. अजून नवीनच आहे. म्हणजे रूट (कॉर्डचा मूळ सूर), पंचम आणि ऑक्टेव्ह (तोच सूर वरच्या सप्तकात) एवढं व्यवस्थित येतं, मध्यम लयीत सरळ आठच्या नोटा (एका मात्रेला दोन) न थांबता वाजतात, चार्ट समोर असला की कॉर्ड बदलताना हात चुकत नाही. स्लॅप वगैरे अजून शिकायचंय. आमचा मित्रमैत्रिणींचा छोटा ग्रुप आहे आणि आमच्या कॉलनीच्या मंडळानं यंदा गणपतीत एका संध्याकाळी अर्धा तास आम्हाला दिलाय, त्यामुळं सगळेच जाम उत्साहात आहेत आणि मला मात्र गाण्यांची यादी बघून रात्री झोप येईना झालीय, म्हणून हा धागा.

ग्रुप असा आहे: एक गायिका, एक गायक, अकूस्टिक गिटार, ऑक्टोपॅड, आणि कीबोर्डवर एक काका. काका पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांचा हात लय भारी आहे, कुठलंही गाणं म्हणा, दोन मिनिटांत चालू. समोर बसणार आजी-आजोबा, पोरंटोरं, आणि मागं उभी राहणारी मंडळाची पोरं. त्यामुळं गाणी त्या सगळ्यांना माहीत असलेली पाहिजेत, नुसती बेसवाल्यांना आवडणारी नकोत.

सध्याची यादी: सुरुवातीला गणपतीचं एक (मंडळाची अटच आहे), मग 'अश्विनी ये ना', 'चुरा लिया है तुमने', 'पापा कहते हैं', 'ये दोस्ती', गिटारवाल्याच्या हट्टापायी एक इंग्लिश म्हणजे यू टू चं 'विथ ऑर विदाउट यू', आणि शेवटी 'झिंगाट', कारण ते नाही घेतलं तर पोरं खाली उतरू देणार नाहीत.

आता अडचणी सांगते. पहिली म्हणजे स्केल. मी घरी यूट्यूबवरच्या मूळ स्केलला सगळं बसवते आणि प्रॅक्टिसला गेलं की गायिका म्हणते मला उंच होतंय, मग काका म्हणतात 'काळी दोनवर घेऊया' (म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी सा धरून), आणि वाजायला सुरू पण होतं! मला काळी दोन म्हणजे बेसवर कुठं हे शोधेपर्यंत मुखडा संपलेला असतो. दुसरी अडचण जरा नाजूक आहे. काकांना डाव्या हातानं बेस वाजवायची सवय आहे, ऑर्केस्ट्रात वेगळा बेसवाला नसला की तसंच करतात ना, आणि तो हात आपोआप चालतो. मग खाली माझी पण नोट आणि त्यांची पण नोट, कधी दोन्ही वेगळ्या, आणि नुसता गढूळ आवाज येतो. ते वयानं आणि अनुभवानं मोठे, त्यांना कसं सांगू?

आणि एक विनंती, 'कीबोर्डवर बेस येतो की, वेगळा कशाला' असं कृपया म्हणू नका. परवाच्या प्रॅक्टिसला गिटारवाला सी कॉर्ड धरून बसला होता आणि मी खाली सी ऐवजी ए वाजवला, तर त्याची बोटं जागची हलली नाहीत तरी तोच कॉर्ड एकदम हळवा झाला, गायिकेनं पण वळून बघितलं. चार तारांचं वाद्य, कुणी बघत पण नाही त्याच्याकडं, आणि ते सगळ्या गाण्याचा रंग बदलतं. मला हे नीट वाजवायचंय.

तर कुठली गाणी ठेवू, कुठली काढू, आणि क्रम कसा लावू? मंडपातल्या साउंडबद्दल पण काही सांगता आलं तर बरं होईल.

प्रतिसाद (मिरज)

ताई, अभिनंदन. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, त्यामुळं तुमच्या दोन्ही अडचणी अगदी ओळखीच्या आहेत.

आधी स्केलचं. काकांच्या भाषेत तुमच्या तारा पाठ करून टाका: सगळ्यात जाड तार पांढरी तीन (ई), मग पांढरी सहा (ए), पांढरी दोन (डी), पांढरी पाच (जी). झाली चार तारांची ओळख. आता काळ्या पट्ट्या. काळी एक म्हणजे सी शार्प, ती ए तारेवर चौथ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी रेघ). काळी दोन ए तारेवर सहाव्याला. काळी तीन जाड तारेवर दुसऱ्याला, काळी चार त्याच तारेवर चौथ्याला, काळी पाच ए तारेवर पहिल्याला. हे एका कागदावर लिहून बेसच्या वरच्या कडेला चिकटवा, त्यात लाजायचं काही नाही.

आणि खरी गंमत पुढं आहे. मोकळ्या तारा न वापरता गाणं बसवलं की स्केल बदलणं म्हणजे नुसता हात सरकवणं. तुमचं ते यू टू चं गाणं घ्या, सगळं गाणं चार कॉर्डवर फिरतं, डी, ए, बी मायनर, जी. बेसवर ते ए तारेवर पाचवा फ्रेट, मग जाड तारेवर पाचवा, सातवा, तिसरा. काका म्हणाले काळी एक, सगळं एक फ्रेट खाली. काळी दोन म्हणाले, एक फ्रेट वर. आकार तोच. कीबोर्डवाल्याला स्केल बदलली की बोटं बदलायला लागतात नाहीतर ट्रान्सपोजचं बटण दाबावं लागतं, आपल्याला दोन्ही नको. म्हणून घरी मोकळ्या तारांवर बसवू नका, हा माझा पहिला आग्रह. आणि दुसरा, यादी ठरवायच्या आधी गायक-गायिकेच्या स्केल ठरवा. प्रत्येक गाण्यापुढं पट्टी लिहा आणि कार्यक्रम होईपर्यंत ती कुणी बदलायची नाही. स्टेजवर ऐन वेळी 'आज जरा घसा बसलाय, अर्धी पट्टी खाली घ्या' असं होतंच, पण तेव्हा तुमचा आकार पक्का असेल तर काही वाटणार नाही.

काकांचं. 'डावा हात वाजवू नका' असं सांगू नका, त्यांना ते तोडून बोलल्यासारखं वाटेल. 'काका, मला खालची जागा जरा मोकळी द्या, मी नवीन आहे, माझी नोट मलाच ऐकू येत नाहीये' असं म्हणा. खरंच तसंच आहे. त्यांना डाव्या हातात स्ट्रिंग्जचा पॅड (व्हायोलिनसारखा लांब धरलेला आवाज) धरायला सांगा, मधल्या सप्तकात, हात रिकामा पण राहणार नाही आणि गाणं भरलेलं वाटेल. आणि एक गाणं पूर्ण त्यांना द्या. 'झिंगाट'ला बेस त्यांच्याच डाव्या हातात राहू दे, ते जोरात आणि सवयीनं वाजवतील, तुम्ही फक्त प्रत्येक मात्रागटाच्या समेवर रूट द्या आणि बाकी सोडा. मानही राहतो आणि सगळ्यात गडबडीच्या गाण्यात तुमच्यावर ओझं पण नाही.

प्रतिसाद (कळंबा)

वरच्या दादांशी सहमत, फक्त एक भर. 'चुरा लिया' पहिल्या कार्यक्रमाला ठेवू नका असं मला वाटतं. नवीन माणसाला संथ गाणं सोपं वाटतं आणि तिथंच फसायला होतं. संथ गाण्यात नोट कधी सुरू करायची हे सोपं असतं, कधी बंद करायची हे अवघड. नोट अर्धी मात्रा जास्त लांबली की पुढच्या कॉर्डवर आधीचा सूर लोंबकळतो आणि मंडपाच्या मोठ्या स्पीकरवर ते सगळ्यांना कळतं. त्यात ते गाणं 1973 पासून घरोघरी माहीत आहे, सुरुवातीच्या काचेच्या टिणटिणसकट, आजीसुद्धा चूक पकडेल. पुढच्या वर्षी नक्की घ्या.

त्या जागी बेन ई किंगचं 'स्टँड बाय मी' बघा, 1961 चं आहे, ए, एफ शार्प मायनर, डी, ई एवढेच कॉर्ड आणि आठ बारची एकच फेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत. बेसचं गाणं आहे ते, सुरुवातच बेसनं होते, म्हणजे तुम्हाला एक मानाची जागा पण मिळते. पण दोन इंग्लिश गाणी मंडळाला झेपणार नाहीत, तेव्हा गिटारवाल्याला सांगून दोन्हीतलं एकच निवडा.

अजून एक, कुणी निर्वाणाचं 'कम अॅज यू आर' सुचवेल, सोपं म्हणून. रिफ (परत परत येणारी छोटी धून) सोपी आहे पण मूळ रेकॉर्डिंगला सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली उतरवलेल्या आहेत, मध्येच ट्यूनिंग बदलायचा घोळ स्टेजवर नको. आणि 'सेव्हन नेशन आर्मी'ची रिफ सगळे बेसची म्हणून शिकवतात, ती मुळात गिटारवर पेडल लावून खाली उतरवलेली आहे, बेसवर छानच वाजते, पण आपल्या कॉलनीत तिला टाळ्या कोण देणार?

प्रतिसाद (इचलकरंजी)

साउंडचं मी सांगतो, माझा तोच धंदा आहे. घरचा छोटा प्रॅक्टिस अँप मंडपात आणून काही उपयोग नाही, उघड्यावर तो ऐकूच येत नाही. गिटारच्या अँपमध्ये बेस लावू नका, मोठा आवाज केला की स्पीकर जाऊ शकतो. सरळ डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी) घ्या आणि त्यातून मिक्सरला लाइन द्या. साउंडवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की बेस गिटार आहे, नाहीतर ऐन वेळी तो म्हणेल चॅनेल शिल्लक नाही. बेस अॅक्टिव्ह असेल तर आतली नऊ व्होल्टची बॅटरी नवीन घाला. घरघर आली तर आधी अर्थिंग बघायला लावा. पाऊस असतोच त्या दिवसात, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, बॅगेत टाका, आणि स्टेजवर चढायच्या आधी ट्यूनिंग परत बघा, दमट हवेत हलतं.

धागाकर्ती

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार.

काकांशी बोलले. मिरजेच्या दादांनी सांगितलं तशाच शब्दांत बोलले आणि ते लगेच 'अगं मग सांगायचं की आधी' म्हणाले. डाव्या हाताला पॅड घेतला त्यांनी, आणि फरक असा पडला की ऑक्टोपॅडची किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली. तोपर्यंत मला कळतच नव्हतं की मी किकच्या पुढं पळतेय की मागं. 'पापा कहते हैं'मध्ये किक आणि माझी नोट एकत्र पडायला लागली तसं गिटारवाल्यानं आपणहून जोर कमी केला.

'चुरा लिया' काढलं, गायिका जरा नाराज आहे. इंग्लिश एकच, यू टू चं, काळी एकमध्ये. आता प्रश्न गणपतीच्या गाण्याचा. सगळे म्हणतात 'अष्टविनायका तुझा महिमा कसा', पण ते लांबलचक, कडवी बदलत जाणारं, मला सुरुवातीलाच ते नको वाटतंय. काय करू?

प्रतिसाद (मिरज)

पहिल्या गाण्याला हात गार असतात, तेव्हा लांबलचक नकोच. 'ओंकार स्वरूपा' घ्या. एकनाथांची रचना, श्रीधर फडक्यांची चाल, सुरेश वाडकरांनी गायलेलं, अख्खा मंडप आपोआप शांत होतो. तिथं बेसनं फार हिंडायचं नाही. सा धरा, जिथं चाल मागेल तिथं पंचमाला जा, परत सा. लांब नोटा, पण कॉर्डची पळापळ नाही, त्यामुळं वरच्यांनी संथ गाण्याचं जे सांगितलं ती भीती इथं कमी. हात पण गरम होतो आणि कान पण स्टेजला सरावतो. त्यानंतर 'अश्विनी ये ना', 1987 चं किशोरकुमारचं, लोक लगेच गुणगुणायला लागतील. मग यू टू चं मध्ये, कारण त्याची चार कॉर्डची फेरी तुम्हाला विश्रांती देते, मग 'पापा कहते हैं', 'ये दोस्ती', आणि 'झिंगाट' काकांच्या भरवशावर.

उभं कुठं राहायचं ते पण ठरवा. ऑक्टोपॅडवाल्याची किक कुठल्या पॅडवर आहे ते विचारून घ्या आणि तो हात दिसेल अशा बाजूला उभ्या राहा. मॉनिटर नसला, आवाज नीट ऐकू येत नसला तरी काठी खाली येताना दिसली की तुमची नोट बरोबर पडते. आणि घरी बसून वाजवत असाल तर आतापासून पट्टा लावून उभ्यानं वाजवा, पट्टा एवढा ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस एकाच उंचीवर येईल, नाहीतर मनगटाचा कोन बदलतो आणि पाठ झालेलं पण हाताला नवीन वाटतं.

प्रॅक्टिस मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून 'माझा बेस येतच नाही' म्हणून घाबरू नका. जाड मोकळी तार 41 हर्ट्झच्या आसपास असते, तो स्पीकर एवढं खाली जातच नाही. हेडफोन लावून ऐका. मुख्य म्हणजे लय वाढतेय का ते बघा, स्टेजवर सगळ्या ग्रुपचीच वाढते, आणि ती धरून ठेवायचं काम तुमचं आणि ऑक्टोपॅडचं.

धागाकर्ती

'ओंकार स्वरूपा' पक्कं! काका तर खूश झाले, म्हणाले पांढरी चारवर घेऊ, मी मान वर न करता जाड तारेवर पहिला फ्रेट धरला, आणि ते हसून 'आता कसं' म्हणाले. 'अष्टविनायका'वाल्यांना समजावायचं काम गायकानं अंगावर घेतलंय.

आता एवढंच राहिलं: कोल्हापुरात डीआय बॉक्स एका दिवसासाठी भाड्यानं कुठं मिळेल? आमच्या साउंडवाल्याकडं एकच आहे आणि तो कीबोर्डला लागणार आहे. गावात नाही मिळाला तर सांगली-मिरजेला यायची पण तयारी आहे, रविवारी सुट्टी असते.