‘शब्दांकन’ म्हणायचं की आणखी काही?

खानापूरची (बेळगाव) नात: आजी जुन्या आठवणी सांगते, मी मोबाइलवर घेते आणि रात्री वहीत उतरवते. आता घरच्यांपुरती पुस्तिका काढतोय. मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ लिहून खाली माझं नाव टाकलं होतं. आजीनं विचारलं, “शब्द माझं, मग तू काय केलीस?” छापखान्यातले म्हणतात, सरळ ‘लेखन’ टाका, शब्दांकन पुढाऱ्यांच्या पुस्तकाला असतंय. काय टाकू?

शहापूरचा जुना मास्तर: आजींचा आक्षेप रास्त आहे. अंकन म्हणजे खूण करणे, उमटवणे. शब्द आधीच तयार असताना त्यांचं अंकन कसलं? छापखानेवाला नकळत बरोबर बोलला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पाहा: ‘सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला’. शके 1212, म्हणजे इ.स. 1290. लेखक म्हणजे लिहून घेणारा. रचणारे ज्ञानेश्वर.

वडगावकर: मास्तर, तेराव्या शतकातला अर्थ मुखपृष्ठ बघणाऱ्याला कोण सांगणार? लोक म्हणणार, नातीनं आजीचं पुस्तक लाटलं.

मास्तर: मग ‘लेखनिक’ लिहा.

वडगावकर: लेखनिक परीक्षेला बसतो की, दृष्टिहीन मुलांच्या शेजारी! आणि ताईंनी तेवढंच केलं नसणार. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या लीळा नागदेवाचार्यांना विचारून विचारून जमवल्या. कशानंतर काय लावायचं, हे काम जमवणाऱ्याचंच.

नात: हो, तेच जास्त आहे. आजी साल सांगत नाही. ‘आम्ही म्हैसुरात गेलाव त्या वर्षी’ म्हणाली की आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला ते 1956 मी धरते, 1 नोव्हेंबरनंतरचं. तिच्या आईकडून ऐकलेलं पलेगाचं तर ती स्वतः बघितल्यासारखं सांगते. ते कुठं बसवायचं?

मलप्रभाकाठ: आमच्या कन्नड मित्रांच्या पुस्तकांवर ‘निरूपणे’ असतं. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं लिहिलं की तोच शब्द. आपण ‘निरूपण’ घ्यावं, मूळ संस्कृतच आहे.

मास्तर: निरूपण कीर्तनकार करतो. पूर्वरंगात. आजी काय अभंग लावून बसल्यात?

मलप्रभाकाठ: दासबोधात पानोपानी निरूपण आहे, तिथं कुठं टाळ वाजतो? कन्नडातून आलं म्हणून नको, असं सरळ म्हणा.

मास्तर: तसं मी म्हटलेलं नाही. घरात मी अर्धी कन्नडच बोलतो.

वडगावकर: ताई, पलेगाचं जसंच्या तसं एक वाक्य टाका बघू.

नात: “सगळी रानात खोपी घालून ऱ्हाऊलालती.” वहीत मी ‘राहत होती’ केलंय.

वडगावकर: का केलंत? आवाज गेला की त्यातला.

मास्तर: बरं केलं. पुण्यातल्या पतवंडाला कळलं पाहिजे.

मलप्रभाकाठ: पतवंडाला ‘लेखकु’ कळतो, ‘ऱ्हाऊलालती’ कळत नाही?! शिवाय हे रूप कन्नडच्या वळणावर आहे. ‘करतोय’ला इकडचं कन्नड ‘माडलिक्क हत्तीनि’ म्हणतं. हत्तु म्हणजे चिकटणं, लागणं. तेच मराठीत ‘करूलालो’.

मास्तर: ‘करू लागलो’ झिजून ‘करूलालो’ झालं. अस्सल मराठी धातू. कन्नड कशाला मध्ये?

मलप्रभाकाठ: धातू तुमचा, वापर आमचा. पुण्यात ‘करू लागलो’ म्हणजे सुरुवात केली. इथं काम अर्ध्यावर असलं तरी ‘करूलालो’च. हा अर्थ कुठून आला?

वडगावकर: हे मात्र पटलं.

नात: मुखपृष्ठाचं कुणी बोलेल का?

निपाणीकर: आमच्याकडं ‘करालोय’. त्यात ‘लागणे’ कुठं दिसतं, मास्तर?

मास्तर: ते ‘करायला लागलोय’चं. वेगळी वाट आहे.

निपाणीकर: चिकोडीत दोन्ही ऐकलंय, एकाच घरात. सासू ‘करूलालो’वाली, सून ‘करालोय’वाली.