प्रतिसाद: हात बघण्याची सवय आणि स्वप्नातली जाग

स्वप्नात हात अनेकदा विचित्र दिसतात म्हणून दिवसभर हात बघून ‘मी स्वप्नात आहे का?’ असं विचारतो, तरी स्वप्नात जाग येत नाही, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळत नाही, असं वर एकांनी लिहिलंय. मला वाटतं, अडचण हात किती वेळा बघता यात नाही. उत्तर ‘नाही’ येणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि तेच गृहीत स्वप्नातही तसंच चालू राहतं.

त्यापेक्षा दिवसातून मोजक्याच वेळी, पण खरोखर थांबा. आत्ता मी इथे कसा आलो? दहा मिनिटांपूर्वी कुठे होतो? समोरची पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुतेक वेळा दुसऱ्या वाचनात बदललेली असतात. पण हे फरक टिपायला मनात खरी शंका हवी, नाहीतर स्वप्नातली बदललेली पाटीही आपण बिनदिक्कत मान्य करतो.

नुसत्या एकाग्रतेपेक्षा इथे ‘पुढे अमुक करायचंय’ हे ऐनवेळी आठवणं जास्त कामाचं. घरी जाताना दूध घ्यायचंय, हे दुकान दिसताच आठवतं ना, तेच. अशा जागृत स्वप्नांवर संशोधन करणारे स्टीफन लाबर्ज यांची पद्धत याच स्मरणावर उभी आहे: पहाटे जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली विसंगत गोष्ट हेरायची आणि ‘पुढच्या स्वप्नात मला ओळखू येईल’ असा निश्चय करत झोपायचं. पहाटेच का, तर रेम झोपेचे, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेचे, टप्पे तेव्हा लांबलेले असतात. मात्र यासाठी रोजची झोप मोडू नका, सुट्टीचा दिवस बघा.