राखणदाराची मुलगी पहिली आली आणि शिष्यवृत्ती दुसऱ्याला

सड्यावरची:
गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या सहचिटणीसांनी काल इथे जे लिहिलंय त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गावच्या हायस्कुलात यंदा दहावीला पहिली आलेली मुलगी हापूसच्या कलमांच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची. मंडळाची शिष्यवृत्ती ‘मूळ रहिवाशां’साठी. सबब यादीत नाव दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचं. वर मखलाशी अशी, ‘गुरखे काय, आज आहेत, उद्या नाहीत. मंडळ चाकरमान्यांच्या घामावर उभं आहे.’

ही मुलगी अंगणवाडीपासून आपल्या गावात आहे. बाकीचे राखणदार आंबा संपला की जूनच्या आधी निघून जातात, हिचे आईबाप बारा महिने मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात राहतात. बागेचा मालक पुण्याला. पावसात त्या बाजूला पायवाटसुद्धा उरत नाही, तरी पोरगी रोज सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळी पठार, उतरून शाळेत आली. ९३.४० टक्के मिळवले, क्लास नाही, घरी टीव्ही नाही. मालवणी तर आपल्या मुलांपेक्षा चांगली बोलते, कारण आपली मुलं बोलतच नाहीत.

उद्या नाहीत म्हणायचंच तर आपल्याला म्हणा. मी १९९६ ला त्याच शाळेतून दहावी झाले. वर्गात चौतीस जण होतो, आज गावात पाच. यंदा दहावीला एकोणीस मुलं, त्यातली सहा राखणदारांची आणि चिरेखाणीवरच्या कानडी कामगारांची. ती सहा उद्या गेली तर तुमची शिष्यवृत्ती घ्यायला शाळाच उरणार नाही. मग द्या मूळ रहिवाशांना. ठाण्यात आणि डोंबिवलीत.

गिरणगावकर:
ताई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासूनचं सांगतो. लालबागला गावकीची एक खोली होती. अठ्ठावीस माणसं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा. खानावळीचे पैसे, घरची मनीऑर्डर, आणि मग मंडळाचे महिन्याला दोन रुपये. त्यातून शाळेचे चार वर्ग उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले. त्या वर्षी बक्षीस म्हणून नुसत्या वह्या दिल्या, पण दिल्या.

तो पैसा कुणासाठी जमवला? आमच्या पोरांसाठी. यात लाज वाटावी असं काय आहे? मुलगी हुशार आहे, तिचं कौतुक करा, सत्कार करा, माझी ना नाही. पण भावकीच्या वर्गणीवर पाहुण्याने हक्क सांगू नये. तुमचा एवढा जीव तुटतो तर स्वतः द्या ना. वर्गणीच्या वहीत तुमचं नाव गेल्या चार वर्षांत मला तरी दिसलेलं नाही.

सड्यावरची:
वहीत माझं नाव लग्नाआधीच्या आडनावाने आहे, काका. बघा पुन्हा. माहेरवाशीण म्हटल्यावर तुम्ही पानच उलटत नसाल.

निवृत्त मास्तर:
मी त्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं आहे, म्हणून बोलतो. सरकारी शिष्यवृत्त्या खूप आहेत, मंडळाचे पंधराशे-सतराशे रुपये नाही मिळाले तर बिघडलं कुठे, असं काहीजण म्हणतात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर, अर्ज भरायला बसा म्हणजे कळेल. पहिल्या पानावर अधिवास. तिच्या बापाकडे नेपाळचं नागरिकत्व. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो मिळेल, पण एसटी आली तर. अकरावीचे प्रवेश यंदापासून, म्हणजे २०२५ पासून, सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, तो अर्ज मीच माझ्या मोबाईलवरून भरला. म्हणजे ज्या पोराला सरकारी दार बंद, त्याच्यासाठीच गावची मदत असायला हवी. आपण ते दारही लावतोय.

सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड. घराणं आपल्याकडचं, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. महाराज ‘तुम्ही मूळ बडोद्याचे का’ असं विचारत बसले असते तर?

गिरणगावकर:
मास्तर अर्धाच धडा शिकवतात. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. फुकट नव्हतं ते. लिहून घ्या त्या मुलीकडून की शिकून गावात दहा वर्षं राहीन. घेताय?

सड्यावरची:
आजवर ज्यांना ज्यांना दिली त्यांच्याकडून घेतलंत लिहून? तुमचा थोरला मुलगा कुठे असतो, काका? न्यू जर्सीत ना?

गिरणगावकर:
घरच्यांवर येऊ नका.

खालची वाडी:
बाबासाहेबांचं नाव दोघांनीही आपापल्या सोयीने घेतलं, म्हणून मीही बोलतो. ‘गाव’, ‘गाववाले’, ‘आमची पोरं’ हे शब्द फार सैल वापरताय. आमच्या वाडीचं मंडळ मुंबईत वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे गिरणगावकर काकांना पक्कं ठाऊक आहे. लालबागच्या त्या अठ्ठावीस वळकट्यांत आमच्या आजोबांची वळकटी नव्हती. गिरणीत तेही होते, त्याच खात्यात नसतील. ते नायगावला राहिले. १९८८ ला माझी बहीण हायस्कुलात पहिली आली. तेव्हा तुमच्या मंडळाने ‘त्यांचं मंडळ देईल’ म्हणून हात वर केले होते. आम्ही तर मूळ रहिवासी होतो ना? सात पिढ्यांचे?

तेव्हा नेपाळी मुलीसाठी नियम नवा केला असं कुणी समजू नये. नियम जुनाच आहे.

गिरणगावकर:
१९८८ चं मला आठवत नाही.

खालची वाडी:
आम्हाला आठवतं.

तुतारीचा प्रवासी:
तुम्ही सगळे कोणाला द्यायची यावर भांडताय. मला २०१८ ला मिळाली आहे, तेव्हा मिळते कशी ते सांगतो. गावात बक्षीस, पण समारंभ परळला. ‘विद्यार्थ्याने पालकांसह स्वतः उपस्थित राहणे बंधनकारक.’ मी आणि बाबा तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात संडासाच्या दाराशी बसून दादरला उतरलो. बाबांचे दोन दिवसांचे रोज बुडाले. हॉलमध्ये साडेतीन तास भाषणं. एका पाहुण्यांनी तर ‘आमच्या काळी कंदिलावर अभ्यास’ सुरू केलं ते कंदिलातलं तेल संपेपर्यंत. शेवटी माझं नाव चुकीचं पुकारलं आणि हातात दिला पंख पसरलेला गरुड. प्लास्टिकचा, सोनेरी. पाकिटात दीड हजार. जाण्यायेण्यात गेले त्याच्या निम्म्याहून जास्त.

गरुडाचा एक पंख रोह्याच्या पुढे गर्दीत मोडला. आई अजून तो टीव्हीवर ठेवते.

बागवाला:
गरुड आमच्याकडे तीन आसत. एकाच्या पायाखाली लायटीचा बिल ठेवतव.
कार्यक्रम गणपतीत गावात घेवा म्हणून मी धा वर्षां सांगतंय. सगळे चाकरमानी तेव्हा गावात असतत. हॉल फुकट, देवळाचो मांडव आसा. पण नाय! मुंबैत पावने बोलवूचे असतत ना.

गिरणगावकर:
गणपतीत कोण येणार? सकाळी आरत्या, रात्री भजनं, मध्ये पत्ते. शाळेचं बक्षीस ऐकायला माणूस मिळणार नाही. मुंबईत समारंभ होतो म्हणून देणगीदार येतात, आणि देणगीदार येतात म्हणून शिष्यवृत्ती चालते. गावात बसून दरवर्षी मंडळावर टीका करायची आणि वर्गणी मागितली की ‘यंदा मोहोर गळला’. बागायतदारांचा मोहोर कुठल्या वर्षी गळत नाही ते सांगा.

बागवाला:
वर्गणी नको काढू काका. दर वर्साक मंडळाच्या पावण्यांका दोन पेटये हापूस कोण देता? फुकट न्हेतास आणि वर बोलतास! थ्रिप्सची कीड इली, औषधांचो खर्च दुप्पट झालो, वांदर दिवसाढवळे बाग उतरवतत. ती राखणदार माणसा नसती तर तुमच्या पावण्यांका आंबो दिसलो नसतो. बागेत त्यांका ठेवूक आमी तयार, त्यांच्या चेडवाक पाकीट देवूक नाय? त्या चेडवान काय पाप केल्यान?

तुतारीचा प्रवासी:
दादा, पण तुमच्या बागेतल्या राखणदाराला तुम्ही मांगरात वीज दिलीत का? की मुलगी कंदिलावरच पहिली आली? पाहुण्यांचं भाषण खरं ठरायचं.

बागवाला:
ती बाग माझी नाय. माझ्या मांगरात मीटर आसा. येवन बघ.

हिशेबनीस:
मी मंडळाचा खजिनदार होतो, २००९ ते २०१५. समारंभाचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझ्या शेवटच्या वर्षी हॉल, मांडव, जेवण, शाली, नारळ, गरुड मिळून जेवढा खर्च झाला त्याच्या एक तृतीयांशही मुलांच्या पाकिटांत गेला नाही. मी ताळेबंदात दोन ओळी वेगळ्या दाखवल्या, तर मला सांगितलं की ‘शैक्षणिक उपक्रम’ म्हणून एकत्र दाखवा. पुढच्या वर्षी मी नव्हतो.

दुसरं. बऱ्याच बक्षिसांच्या ठेवी नव्वदच्या दशकातल्या. तेव्हा बँका अकरा-बारा टक्के देत. पंचवीस हजारांवर पावणेतीन हजार व्याज यायचं, आणि त्यात पोराची अकरावीची पुस्तकं आणि फी निघायची. आता तेवढ्याच ठेवीवर सतराशे. सतराशेत गाईडसुद्धा पुरी होत नाहीत. मुद्दलात भर घाला म्हणून तीन सभांत ठराव मांडला. तिन्ही वेळा चहा आला आणि विषय पुढे ढकलला.

निवृत्त मास्तर:
मूळ प्रश्न बाजूला राहिला. कोणाला द्यायची?

तुतारीचा प्रवासी:
मास्तर, पहिला कोण यावर देणंच मला पटत नाही. कोकण विभागाचा निकाल यंदा, म्हणजे २०२५ ला, ९८.८२ टक्के. राज्यभरात दोनशे अकरा मुलांना शंभरपैकी शंभर. बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे, वर कला-क्रीडेचे गुण. पहिल्या आणि दुसऱ्यातला दीड टक्का म्हणजे एक चित्रकलेची परीक्षा. गरज बघून द्या की.

निवृत्त मास्तर:
गरज कोण ठरवणार? तलाठ्याचा दाखला? गावात ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याचं उत्पन्न दाखल्यावर एकवीस हजार असतं. गुण निदान कुणाला खोटे काढता येत नाहीत. आणि त्या मुलीने चित्रकलेची परीक्षा दिलेली नाही, तिचे गुण निव्वळ आहेत.

तीनआसनी:
ज्याला शिष्यवृत्ती दिली त्या मुलाचा बाप मी. दोन दिवस वाचतोय. एकालाही वाटलं नाही की त्या मुलाचं घरही हे वाचत असेल. त्याने मागितली नव्हती. मंडळाने फोन केला, आम्ही आनंदात पेढे वाटले. आता वर्गातली पोरं त्याला ‘गुरख्याची चोरली’ म्हणतात. तो काल जेवला नाही.

मी रिक्षा चालवतो, स्टँडवर बारा तास. कणकवलीला त्याची खोली बघितली आहे, अनामत द्यायची आहे. तुमच्या तत्त्वासाठी मी पाकीट परत करणार नाही, आधीच सांगतो. माझ्या आजोबांनीही त्या शाळेला चिरे वाहिलेत, फुकट. तुम्हाला त्या मुलीला द्यायची तर दुसरी काढा. माझ्या पोराच्या हातातून काढून मोठेपणा मिरवू नका.

सड्यावरची:
तुमचं बरोबर आहे. मी मुलाबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण लिहिताना त्याचा विचार करायला हवा होता. चूक माझी.

गिरणगावकर:
आता कसं? हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

हिशेबनीस:
काका, घाई करू नका. रात्री माझी जुनी फाईल काढली. हायस्कुलाच्या पहिल्या क्रमांकाची ठेव १९९४ सालची, एका गिरणी कामगाराने ग्रॅच्युइटीतून आईच्या नावाने ठेवलेली. देणगीपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. शब्द असे: ‘गावच्या हायस्कुलातून शालान्त परीक्षेत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास अगर विद्यार्थिनीस.’ एवढंच. ‘मूळ रहिवासी’ हा शब्द त्यात नाही. तो २००३ च्या सभेत घातला, चिरेखाणीवरचा मुलगा पहिला आला होता त्या वर्षी. देणगीदार तोवर वारले होते. देणगी ज्या कामासाठी दिली त्याची अट सभेत हात वर करून बदलत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे कुणी तक्रार केली तर मंडळाला उत्तर देणं अवघड जाईल.

खालची वाडी:
‘अगर विद्यार्थिनीस.’ १९९४ ला एका कामगाराला सुचलं ते.

गिरणगावकर:
झेरॉक्स मला पाठव.

गिरणगावकर:
वाचलं. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. तो माझ्या शेजारच्या साच्यावर होता. लिहिता येत नव्हतं त्याला, मजकूर मीच लिहिला.

ठीक आहे. कागद कागद आहे. पहिल्या क्रमांकाची ठेव त्या मुलीची. याचा अर्थ तुम्ही सगळे बरोबर असा काढू नका, उद्या कोणीही येऊन हक्क सांगेल आणि तेव्हा मी हेच बोलेन. रिक्षावाल्याच्या पोराचे सतराशे मी माझ्याकडून देतो, त्याच्या यादीतल्या नावाला हात लावायचा नाही. न्यू जर्सीचे पैसे आहेत, ताई, चालतील ना?

सड्यावरची:
धावतील. त्यात माझेही घाला, आणि या वेळी आडनाव नीट लिहा.

खालची वाडी:
१९८८ चं काय?

हिशेबनीस:
त्या वर्षाचं इतिवृत्त फाईलमध्ये नाही. शोधतो.

तुतारीचा प्रवासी:
आणि समारंभ? दोन मुलं, दोन बाप, चार तिकिटं, परळ?

सहचिटणीस:
प्रवासात होतो, आत्ता वाचलं. भावना पोहोचल्या. कार्यकारिणीपुढे ठेवतो. तूर्त एवढंच कळवतो की हॉलचं बुकिंग झालेलं आहे, अनामत परत मिळत नाही. स्मृतिचिन्हांवर नावंही कोरून आली आहेत. एक जास्तीचं करावं लागेल, तरी मुलीच्या नावाचं स्पेलिंग आजच्या आज कळवावे.

तुतारीचा प्रवासी:
गरुडच आहे का?

सहचिटणीस:
या वेळी मोर.