सल्ला हवा: दोन महिने दारव्हा तालुक्यात मुक्काम, बाळ पाच महिन्यांचं. ब्रेस्टपंप कोणता घेऊ?

निंबोणी:
मे-जूनमध्ये ह्यूस्टनहून माहेरी येतेय. गाव दारव्ह्यापासून आत. सोबत साडेतीन वर्षांची मोठी आणि तोवर पाच महिन्यांचा होणारा लहान. नोकरी सुरूच राहील. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे गावी संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे मीटिंगा रात्री. मध्ये व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईला जायचंय: एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत, जाता-येता बडनेऱ्याहून रात्रीची गाडी. तीन रात्री धरा. मुलांचे पासपोर्ट अमेरिकन, त्यांना स्टॅम्पिंग नको, म्हणून दोघं आईजवळ राहतील.
इन्शुरन्स एक पंप देतंय. प्लगवर चालणारा स्पेक्ट्रा एस२ फुकट, बॅटरीवाला एस१ थोडे पैसे भरून, कपड्यांच्या आत घालायचा वेअरेबल जास्त पैसे भरून. पंप, पिशव्या, बाटल्या सगळं मिळून माझ्या खिशातून १०० डॉलरच्या वर जायला नको. घरी सिंगल डोअर फ्रिज, पाणी बोअरचं, लाइनचा भरवसा नाही. पावडरचं दूध शक्यतो नको. काय घेऊ?

इन्व्हर्टर_काका:
पंप कोणता ते नंतर. आधी अडॅप्टर उलटा करून वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायचा साधा प्लग लागेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर लावताक्षणी धूर. पंपांचे अडॅप्टर बहुतेक दोन्हीकडे चालतात. पण दूध गरम करायचं यंत्र आणि वाफेचा स्टरलायझर तिकडून आणूच नका, हीटरच्या वस्तू बहुधा १२० च्याच असतात.

पांढरं_सोनं:
वेअरेबलच घ्या. महागातलं घ्या, अडीचशे-तीनशे डॉलर जाऊ द्या. डॉलरमध्ये कमावता आणि पंपाला काटकसर काऊन?

निंबोणी:
@पांढरं_सोनं बजेट वर लिहिलंय जी.

बाभूळबन:
बाळ घरातच आहे ना? मग मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून अंगावर पाजा. मुंबईच्या तीन दिवसांसाठी हाताने दाबायचा पंप पुरे. यंत्रं वाढली की धुणं वाढते.

सिस्टर_सबसेंटर:
बाभूळबन ताईंचं निम्मं बरोबर. घरी असताना बाळालाच पाजा, पान्हा त्यानेच टिकतो. पण तीन रात्रींसाठी साठा लागेल, आणि तो निघायच्या आदल्या दिवशी होत नाही. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली पितं. तीन दिवसांचे सव्वादोन लिटर.
पंप कोणताही घ्या, हाताने दूध काढणं शिकूनच घ्या. हात साबणाने धुवा. अंगठा वर, तर्जनी खाली, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबा, सोडा. निपल ओढायचं नाही, बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. सुरुवातीला मिनिटभर काहीच येत नाही, घाबरायचं नाही. मग बोटं फिरवत सगळ्या बाजूंनी. लाइन गेली, वॉल्व्ह फाटला, तरी हे अडत नाही.
आणि हॉर्नसारखा रबरी फुगा लावलेला काचेचा स्वस्त पंप मेडिकलवर मिळते, तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरते, फुगा आतून धुता येत नाही.

गोळ्याऔषधी:
तो फुगेवाला अजून खपतो बाप्पा, लोक मागतात. असो. तालुक्याच्या मेडिकलवर हातपंप मिळेल, इलेक्ट्रिक मागवून मिळेल, पण त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत. डकबिल वॉल्व्ह म्हणजे चोचीसारखी सिलिकॉनची टोपी. तिची चिर ढिली झाली की मोटर जोरात आवाज करते आणि ओढ काहीच नाही. लोक म्हणतात पंप बिघडला. टोपीच्या चोचीत ब्रश घालायचा नाही, चिर तिथेच फाटते. रोज वापर असेल तर एक ते तीन महिन्यांत बदलावीच लागते. येताना तीन-चार जोड आणा, वजन काहीच नाही.

तूरडाळ:
एस१ घ्या. एस१ मध्ये आत बॅटरी आहे, एस२ मध्ये नाही, बाकी दोघं जवळपास सारखे. लोडशेडिंगला एस१.

इन्व्हर्टर_काका:
बॅटरीसाठी वरचे पैसे भरायची गरज नाही. वायफाय राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तोच एस२ ला लावा.

तूरडाळ:
काका, अर्धवट सांगू नका. १२ व्होल्ट जुळलं म्हणजे झालं नाही. पिनची जाडी जुळली पाहिजे, मधली पिन प्लस की मायनस ते दोन्हींवर छापलेल्या चिन्हावरून पाहायला पाहिजे, आणि यूपीएसचा अँपिअर पंपाच्या अडॅप्टरवर लिहिलेल्याइतका किंवा जास्त पाहिजे. उलटं लागलं तर पंपातलं सर्किट जळते, आणि ते दारव्ह्यात कोण दुरुस्त करणार?

इन्व्हर्टर_काका:
छापलेलं वाचता येते लोकांना.

कडुनिंब_सावली:
सगळे मोटरवर भांडताहेत, आणि दूध कमी येण्याचं मोठं कारण फ्लँजचं, म्हणजे स्तनावर लावायच्या नरसाळ्याचं, माप असतं. पंपासोबत साधारण २४ मिमीचा येतो, तो सगळ्यांना बसत नाही. पंप करण्याआधी निपलच्या बुडाचा व्यास पट्टीने मोजा, भोवतालचा काळा भाग धरू नका. त्यात एक ते तीन मिमी मिळवा. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं. फ्लँज मोठा असला तर काळा भाग बोगद्यात ओढला जातो, सूज येते, दूध कमी निघतं. लहान असला तर निपल घासतं, पांढरं पडतं, दुखतं. मोठ्या फ्लँजमध्ये बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात, नवीन फ्लँजपेक्षा स्वस्त.
ओढ जास्त म्हणजे दूध जास्त, असं नसतं. आधी दोन मिनिटं हलका, जलद मोड, पान्हा फुटला की संथ मोड, दुखायच्या एक पायरी खाली थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं बस.

सावजी_रस्सा:
मित्राच्या घरी एस१ आहे. चांगला आहे म्हणतात. एस१ घ्या.

हळीव_लाडू:
पंपाने काय होते? हळीव, डिंक, जवसाची चटणी, शेवग्याची भाजी सुरू ठेवा, दूध आपोआप वाढते. आणि मे महिन्यात बाळाला वरून दोन चमचे पाणी पाजत जा, आपल्याकडचं ऊन म्हणजे ऊन आहे.

सिस्टर_सबसेंटर:
लाडू खुशाल खा, पण बाळाला पाणी नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी, घुटी काहीच नाही, ४५ अंशात पण नाही, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नाही. अंगावरच्या दुधात पाणी भरपूर असते. पाण्याने पोट भरलं की बाळ दूध कमी ओढते, वरून जुलाबाचा धोका. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि पाणी आईने प्यायचं.

काळीमाती:
साठ्याचं कोणी नीट सांगितलंच नाही. सिंगल डोअरचा बर्फाचा कप्पा म्हणजे डीप फ्रीझर नाही. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दूध सहा महिने चांगलं राहतं. या कप्प्यात दोन आठवडेच धरा. म्हणजे महिनाभर आधीपासून साठवायचं नाही, निघायच्या आधीचे चौदा दिवस रोज १६० मिली. पहाटेच्या पाजण्यानंतर एकदा आणि रात्री एकदा, जमतं.
पिशवीत ६० ते १०० मिलीच भरा, वर जागा सोडा, गोठताना फुगतं. तारीख लिहा, ताटात आडवी गोठवा, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभ्या लावा. रविवारचं मटण त्या कप्प्यात नको.
आता महत्त्वाचं. या फ्रिजला मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असतं. बर्फ साचला दिसला की घरातलं कोणीतरी ते दाबतंच, आणि सगळा साठा पाणी. बटणावर चिकटपट्टी लावा. लाइन किती वेळ गेली हे कळायला वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडालेलं दिसलं तर मागे सगळं वितळून परत गोठलंय, ते दूध वापरू नका. पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर चालेल. पूर्ण वितळलेलं फ्रिजमध्ये २४ तास, परत गोठवायचं नाही.
ताजं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, पण ते मे महिन्यातल्या आपल्या घरांना लागू नाही. काढलं की सरळ फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागे. तिथे चार दिवस.

सावजी_रस्सा:
पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, लसीचा फ्रिज असते, त्याला लाइनची सोय राहते. तिथे ठेवता नाही येत का? ओळख असली की जमते.

सिस्टर_सबसेंटर:
नाही जमत. आयएलआर म्हणजे तो लसीचा फ्रिज आणि त्याचा डीप फ्रीझर फक्त लस आणि आइसपॅकसाठी. दुसरी एकही वस्तू ठेवायची नाही. दार उघडझाक झाली की तापमान हलते, नोंदवहीत आम्हाला लिहावं लागते. कृपया कोणाला हे सुचवू नका.

बाभूळबन:
गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये डबा ठेवा. नाव लिहून.

एसटीचा_पास:
गाडीचं सांगतो. डब्यातला प्लग ११० व्होल्टचा असतो, १००-२४० व्होल्टचा अडॅप्टर त्यावर चालतो. पण बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ प्लग बंद ठेवतात, आणि तुम्हाला पंप तेव्हाच लागणार. म्हणजे बॅटरी किंवा हातपंप. कॉन्सुलेटमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येत नाहीत, त्यामुळे आत जायच्या आधी दूध काढूनच जा. पंप मुक्कामाच्या जागीच ठेवा.
मुंबईत काढलेलं परत आणायचं असेल तर जाड थर्मल बॅगेत पूर्ण गोठलेल्या आइसपॅकसोबत २४ तास. शेवटच्या दिवसाचंच आणा, त्याआधीचं टाका. दर तीन-चार तासांनी काढायचं ते पान्हा टिकावा आणि गाठी होऊ नयेत म्हणून. गाठ झालीच तर रगडायचं नाही, थंड फडकं ठेवायचं. ताप आला तर डॉक्टर.
विमानात पंप हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक तर चेक-इनच्या सामानात टाकताच येत नाही.

कडुनिंब_सावली:
दोन गोष्टी आधी तपासा. एक, आठवडाभर आधी एक पिशवी वितळवून बाळाला देऊन पाहा. काहींच्या दुधाला गोठवल्यावर साबणासारखा वास येतो, बाळ तोंड फिरवतं. तसं असेल तर ताजं दूध कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका, लगेच गार करून गोठवा. दोन, फक्त अंगावर पिणारं बाळ बाटली ऐनवेळी घेत नाही. आजीने आतापासून रोज एकदा पाजून पाहावं, आई त्या खोलीत नको. बाटली नाहीच घेतली तर वाटी-चमचा किंवा बोंडलं. पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात वितळवा, गॅसवर नाही. वर साय दिसेल, हलक्या हाताने फिरवली की मिसळते.

गोळ्याऔषधी:
बोअरचं पाणी विसरले सगळे. पार्ट त्यात उकळले की पांढरा थर चढतो, वॉल्व्ह कडक होतो, नीट मिटत नाही. आरओच्या किंवा कॅनच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, स्वच्छ कपड्यावर सुकू द्या, पुसू नका. थर चढलाच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी, मग साध्या पाण्याने धुवा. हवेची नळी मात्र उकळायची नाही. आत ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून काढून झाल्यावर पंप दोन मिनिटं कोरडाच चालवा.

पांढरं_सोनं:
म्हणूनच म्हणतो वेअरेबल, त्याला नळीच नाही.

तूरडाळ:
आणि त्याचे बारीक तुकडे बोअरच्या पाण्यात कोण धुणार? एस१.

निंबोणी:
सगळ्यांचे आभार. वेअरेबल घेतेय. माहितीये, कोणीच म्हणत नव्हतं, पांढरं_सोनं सोडून. १०० डॉलर वेअरेबलमध्येच संपले. नळीवाला पंप लावून बसले की मोठी मुलगी नळी ओढते, तिला मीटिंगभर कोण आवरणार. इन्शुरन्सच्या यादीतलाच, महागातला नाही. सोबत इथून एक हातपंप. फ्रिजच्या बटणाला चिकटपट्टी लावायचं आईला आजच सांगितलं. ती म्हणते आमचं बटण तसंही अडकलेलं आहे.

कडुनिंब_सावली:
मग मागवण्याआधी माप घ्याच. वेअरेबलच्या रिंगा त्याच कंपनीच्या लागतात. आणि घालून खाली वाकायचं नाही, बहुतेक कप पुढे झुकले की वरून सांडतात. मोठीला उचलून घ्यायचं असेल तर आधी कप काढा.

काळीमाती:
अडकलेलं म्हणजे दाबलेलं अडकलंय की बाहेर आलेलं? दाबलेलं असेल तर कप्पा गोठणारच नाही. वाटीभर पाणी ठेवून आजच पाहायला सांगा.

पांढरं_सोनं:
मी आधीच सांगितलं होतं.