पांढऱ्या प्लेटवर एअरपोर्ट ड्रॉप (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारपासून वाकड ते मुंबई एअरपोर्ट ड्रॉप-पिकअप सुरू करतोय. अर्टिगा, एसी, गाडी मी स्वतः चालवणार. सीटमागे ८०० रुपये. आपल्या सोसायटीतल्यांना प्राधान्य.

ए-६०१: अरे वा दादा! आई-बाबांना १४ तारखेच्या रात्री सोडायचंय. दोन सीट धरून ठेवा.

सी-२०२: आमचीही एक. ॲपवाले ऐन वेळी कॅन्सल करतात, त्यापेक्षा ओळखीचा माणूस बरा.

ए-१०५: गाडी टूर पासिंगची, म्हणजे भाड्याने चालवायच्या परवान्याची करून घेतलीत का?

बी-३०४: नाही काका, घरचीच गाडी आहे, पांढरी प्लेट. नोकरी गेल्यापासून खाली उभीच आहे आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. इन्शुरन्स मात्र चोख आहे. फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान धरणारा, आणि झिरो डेपसकट, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा.

सी-८०२: दादा, काळजीपोटी लिहितेय, राग मानू नका. मोटर क्लेमचे सर्व्हे हेच माझं रोजचं काम. तुमच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा लहान अक्षरांतला परिच्छेद असेल, तो आज काढून वाचा. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरायची नाही, शर्यतीत उतरवायची नाही, माल वाहायचा नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. खासगी गाडीची पॉलिसी कुठल्याही कंपनीची घ्या, हा मजकूर जवळपास सारखाच. झिरो डेप त्याच पॉलिसीवर घेतलेला असतो, त्यामुळे त्यालाही हीच अट.

बी-३०४: पण ताई, एजंट म्हणाला होता सगळं कव्हर आहे.

सी-८०२: घरचे बसलेले असताना आहेच. ८०० रुपये देऊन कुणी बसला की चित्र बदलतं.

डी-७०३: ताई, कंपनीला कळणार कसं? अपघात झालाच तर सगळे मित्र होतो म्हणायचं.

सी-८०२: असं कुणी करू नका. क्लेम फॉर्ममध्येच रकाना असतो, अपघाताच्या वेळी गाडी कशासाठी वापरात होती. तिथे खोटं लिहिलं तर तेवढ्यावरही क्लेम जातो. मोठा क्लेम असला की कंपनी इन्व्हेस्टिगेटर नेमते. तो दवाखान्यात जाऊन प्रत्येक प्रवाशाशी वेगवेगळं बोलतो. ड्रायव्हरचं नाव काय, ओळख कुठली, कुठून बसलात? पाय मोडलेला माणूस खरं तेच सांगतो, आणि का सांगू नये? त्याने आधीच पोलिसांना जबाबात 'सीट बुक केली होती' असं सांगितलेलं असतं. यूपीआयने दिलेले ८०० मोबाइलमध्ये दिसतात. ग्रुपवरची आजची ही जाहिरातसुद्धा पुरावाच आहे.

ए-१०५: मी वाचलंय की अशा केसमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत मिळतात.

सी-८०२: काका, बरोबर वाचलंय, पण ते आपोआप मिळत नाहीत. अमलेंदू साहू प्रकरणात गाडी खासगी विम्याची होती आणि भाड्याने दिलेली असताना अपघात झाला. कंपनीने क्लेम नाकारला. माणूस ग्राहक आयोगातून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१० मध्ये कोर्टाने अशा वेळी क्लेम पूर्ण नाकारू नये म्हटलं आणि ५ लाखांच्या मागणीवर अडीच लाख द्यायला लावले. इतकी वर्षं गॅरेजचं बिल कुठून भरणार? आणि हे फक्त गाडीच्या नुकसानीपुरतं झालं. मला खरी धास्ती माणसांची आहे.

अपघातात कुणी जखमी झालं किंवा गेलं तर प्रकरण मोटर अपघात न्यायाधिकरणात जातं. पीडिताचे हाल नकोत म्हणून बरेचदा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतात आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. काही वेळा कंपनीला पूर्ण मोकळं सोडतात. दोन्हीकडे बोजा शेवटी मालकावरच.

आता रक्कम बघा. समजा बसलेला माणूस ३३ वर्षांचा, प्राप्तिकर जाऊन वर्षाला १२ लाख मिळवणारा, घरी बायको आणि एक मूल. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एकतृतीयांश वजा केला की उरतात ८ लाख. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालापासून, म्हणजे २००९ पासून, ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक लावतात. झाले १ कोटी २८ लाख. पुढे होणारी पगारवाढ धरली की आकडा आणखी चढतो. आपल्या हिंजवडी-वाकडमधून पहाटे एअरपोर्टला जाणारे बहुतेक जण याच वयाचे आणि याच पगाराचे. वसुली निघाली तर दादा, ती तुमच्या फ्लॅटवर येईल. वहिनी आणि मुलं त्याच फ्लॅटमध्ये राहतात.

ए-६०१: बाप रे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

डी-४०३: ताई, मग माझंही विचारते. मी सोसायटीतल्या चार मुलांना शाळेत सोडते-आणते, महिन्याला प्रत्येकी ठरलेले पैसे घेते. गाडी जुनी म्हणून फक्त थर्ड पार्टी आहे. चालतं ना?

सी-८०२: वहिनी, तुमचं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीच्या आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही, फुकट नेलं तरी नाही. फर्स्ट पार्टी असेल तर आत बसलेलेही धरले जातात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केलाय. लोकांना वाटतं थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून बाकी सगळे. तसं नाही. तुमची चारही मुलं आज उघड्यावर आहेत. वर महिन्याचे पैसे ठरलेले, म्हणजे ते भाडंच. शाळेच्या वाहतुकीला महाराष्ट्रात २०११ चे वेगळे नियम आहेत, आपली घरची गाडी त्यांत बसत नाही.

डी-४०३: पैसे घेणं बंद केलं तर?

सी-८०२: तर भाड्याचा मुद्दा जातो. पण त्याबरोबर पॉलिसी फर्स्ट पार्टी करा, मुलांसाठी तरी. सोबत 'अनामित (अननेम्ड) प्रवाशांचा अपघात विमा' मागून घ्या, म्हणजे नाव न देता सीटमागे काढायचा. हप्ता फार नसतो. किंवा मुलांच्या आयांनी पाळी लावा, एकेक आठवडा एकेकीची गाडी.

सी-२०२: आम्ही ऑफिसचे तिघं पेट्रोल वाटून जातो, ते?

सी-८०२: तुम्ही तिघं तिकडेच जाताय, खर्च वाटताय, कुणी कमवत नाहीये. त्यात मला अडचण दिसत नाही. ठरलेला दर, त्याची जाहिरात आणि पैसे देणारा अनोळखी माणूस असं एकत्र आलं की ते भाडं ठरतं.

बी-३०४: ताई, मग करू काय? गाडी विकू? पिवळी प्लेट करायला किती खर्च येईल?

सी-८०२: विकू नका. आधी बँकेत जा. कर्ज खासगी गाडीचं आहे, बँकेचं ना हरकत पत्र लागेल. मग आरटीओत वर्ग बदलायचा अर्ज, कराचा फरक, फिटनेस, स्पीड गव्हर्नर, जीपीएस आणि पॅनिक बटण, परमिट, पिवळी प्लेट. ज्या दिवशी आरसी बदलेल त्याच दिवशी पॉलिसीही बदलून घ्या. रिन्युअलला बघू म्हणालात तर मधले महिने दोन्हीकडून अडकाल.

हप्त्याचं सांगते. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात तुमच्या इंजिनाच्या, म्हणजे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६. तीच गाडी टॅक्सी म्हणून ७,९४०, अधिक प्रवाशामागे ९७८. अर्टिगात ड्रायव्हर सोडून सहा, म्हणजे एकूण १३,८०८, जीएसटी वेगळा. वर्षाला दहा-अकरा हजारांचा फरक. पूर्ण गाडी भरून एअरपोर्टच्या मोजक्या फेऱ्या झाल्या की निघेल. पुढे ड्रायव्हर ठेवलात तर त्याच्यासाठीचं कव्हर वर्षाला ५० रुपयांचं आहे, ते विसरू नका.

ए-१०५: लायसन्सला वेगळा शिक्का लागतो ना?

सी-८०२: आता नाही काका. साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं.

बी-३०४: खर्च पेलेन ताई. पण एक सांगतो, मी आधी पिवळ्या प्लेटचीच चौकशी केली होती. गेटवर सांगितलं की पिवळ्या प्लेटची गाडी रात्री आत लावता येणार नाही. गाडी रोज कुठे लावू? म्हणून पांढरीवरच करायचं ठरवलं.

सी-८०२: सेक्रेटरी साहेब, हे खरं आहे का?

सेक्रेटरी (ए-२०४): हो, तसा ठराव आहे. ट्रॅव्हल्स आणि टेम्पो रात्रभर आत उभे राहायचे म्हणून जुन्या कमिटीने केला होता.

सी-८०२: मग तो टेम्पो-ट्रॅव्हल्सपुरता ठेवा. सभासदाची स्वतःची गाडी, त्याच्याच नावाचं पार्किंग, त्यात प्लेटचा रंग का बघायचा? नोकरी गेलेला माणूस कायद्याने कमवायला निघाला तर आपण त्याला गेटवर अडवतो, आणि त्याच्याच पांढऱ्या गाडीत सकाळपासून तीन सीट बुक करतो. हे मला अजिबात पटत नाही.

ए-१०५: पूर्ण सहमत. माझी सही घ्या.

ए-६०१: माझीही.

सेक्रेटरी (ए-२०४): रविवारी ११ वाजता कमिटी आहे, विषय घेतो. सभासदाच्या नावावरची, सात सीटपर्यंतची गाडी असा बदल सुचवतो. ठराव सर्वसाधारण सभेचा असेल तर तिथे मांडावा लागेल, तोपर्यंत बी-३०४ ला तात्पुरती परवानगी देता येते का तेही बघतो.

बी-३०४: आभारी आहे सर्वांचा. शनिवारची ट्रिप रद्द समजा, जाहिरात डिलीट करतो. ए-६०१, तुमच्या आई-बाबांसाठी टी परमिटवाल्या (टुरिस्ट परमिट असलेल्या) मित्राची गाडी सांगून ठेवतो. उद्या सकाळी बँकेत जातोय.

सी-८०२: जाताना आरसी आणि पॉलिसी दोन्हीच्या प्रती न्या. आणि डी-४०३ वहिनी, पॉलिसीचा फोटो इथे टाकू नका, मला वेगळा पाठवा. संध्याकाळी बघून सांगते.