मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया : चित्रकलेची जाणकार की नुसती धनीण?

चित्रवेडी : फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र (१४३४, आता लंडनला) एकेकाळी मार्गारेटच्या नेदरलँड्समधल्या मेखलेन शहरातल्या वाड्यात होतं. तिच्या संग्रहाच्या १५१६च्या यादीत त्याच्या नोंदीशेजारी समासात लिहिलंय : चित्र झाकणाऱ्या झडपांना कुलूप लावायला हवं, बाईसाहेबांनी तशी आज्ञा दिली आहे. या एका ओळीनं ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. भाच्यासाठी नेदरलँड्सचा कारभार पाहणारी आत्या, एवढीच तिची ओळख का असावी? फ्लेमिश कलेच्या इतिहासात तिचं नाव चित्रकारांच्या पंगतीला हवं.

पैलतीर : पंगतीला? नाही पटत. कुलूप सोन्याच्या पेटीलाही लावतात. त्या काळच्या राजस्त्रिया आणि चित्रकार यांचं खरं नातं बघायचं तर १४२९ बघा. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड यानं व्हान आइकला पोर्तुगालला धाडलं, त्यानं राजकन्या इझाबेलाची दोन चित्रं काढली, ती ड्यूककडे रवाना झाली आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. चित्र मागवणारा पुरुष, काढणारा पुरुष. ती फक्त बसली.

चित्रवेडी : इझाबेलाबद्दल मान्य, पण ती नवरी होती. मार्गारेट २४व्या वर्षी दुसऱ्यांदा विधवा झाली आणि पुन्हा लग्नाला उभी राहिली नाही. स्वतःची सत्ता, स्वतःची निवड! सासू, कॅस्टिलची राणी इझाबेला, वारल्यावर तिचा चित्रकार हुआन दे फ्लांदेसच्या ४७ चिमुकल्या चित्रफलकांपैकी ३२ मार्गारेटनं मिळवले. १५२१मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररनं ते पाहिले आणि इतकं निर्मळ काम कधी पाहिलं नाही, असं रोजनिशीत लिहिलं.

पैलतीर : ताई, त्याच भेटीत ड्यूररनं तिच्या वडिलांचं, सम्राट मॅक्सिमिलियनचं चित्र तिला देऊ केलं. तिला ते इतकं नावडलं की त्याला परत न्यावं लागलं. ड्यूररचं काम नाकारणाऱ्या बाईला जाणकार कसं म्हणायचं?

रंगपेटी : मधे बोलते. ड्यूररनं तिच्याकडे इटालियन चित्रकार याकोपो दे बार्बारीची वही मागितली होती. ती आपल्या चित्रकाराला कबूल केलीय, असं तिनं सांगितलं. हा चित्रकार म्हणजे बर्नार्ड व्हान ऑर्ले, १५१८पासून तिच्या पदरी. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठीही तिनं आपल्या माणसाला दिलेला शब्द मोडला नाही. मला तरी यात जाणकारी दिसते.

पैलतीर : शब्द पाळला, हे खरंच मोठं. पण कुंचला ऑर्लेच्याच हातात होता.