वेल्सच्या सीमेवरच्या दंतकथा: काय वाचू आणि मुलांना कुठे नेऊ?

टेलफर्डवासी
नमस्कार मंडळी. आम्ही टेलफर्डला राहतो, म्हणजे श्रॉपशरमध्ये, वेल्स अगदी जवळ. आमची मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, त्यांना गोष्टी खूप आवडतात. इथल्या डोंगरांच्या, तळ्यांच्या बऱ्याच दंतकथा आहेत असं ऐकलंय, पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये. नुसतं वाचून सोडून द्यायचं नाहीये, गोष्ट सांगायची आणि मग ती जागा दाखवायची असं डोक्यात आहे. कोणी फिरलंय का तिकडे?

डोंगरयात्री
स्टिपरस्टोन्सला जाच! डोंगराच्या माथ्यावर पांढरट खडकांचे सुळके आहेत, त्यातल्या एकाला डेव्हिल्स चेअर म्हणतात. आणि या डोंगराखालच्या शिशाच्या खाणींत वाइल्ड एड्रिक नावाचा इथला जुना सरदार कोंडलेला आहे अशी समजूत. हा खराच होऊन गेला बरं का, १०६९ मध्ये वेल्सच्या लोकांना सोबत घेऊन याने नॉर्मनांविरुद्ध (म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांविरुद्ध) श्रूजबरीवर हल्ला केला होता आणि पुढच्या वर्षी त्यांच्या राजा विल्यमशी तह केला, म्हणून शिक्षा झाली असं लोक सांगतात. खाणकामगार म्हणायचे की आतून ठकठक ऐकू आली की तिथे शिसं भरपूर सापडतं. युद्ध व्हायचं असलं की तो बायको गोडा आणि सगळे स्वार घेऊन बाहेर पडतो, जवळपास आपल्या कोकणातल्या वेताळाच्या स्वारीसारखंच. क्रिमियन युद्धाच्या (१८५३-५६) आधी मिन्स्टर्ली गावाजवळ एका मुलीने ही स्वारी पाहिली म्हणे, खाणीत काम करणारा तिचा बाप बरोबर होता, तो तिला म्हणाला डोळे सोडून तोंड झाकून घे आणि ते पुढे जाईपर्यंत एक शब्द बोलू नकोस, नाहीतर वेड लागेल. एड्रिकच्या हिरव्या टोपीत पांढरं पीस होतं इतपत तिला आठवत होतं! हे शार्लट बर्न यांच्या १८८३ च्या श्रॉपशरच्या लोककथांवरच्या पुस्तकात आहे. पुढे त्या लंडनच्या फोकलोअर सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. माझ्या मते सुरुवात इथूनच करा.

पुस्तकवेडी
एड्रिकची गोष्ट बर्नबाईंच्याही सातशे वर्षं आधी लिहिली गेलीये, बाराव्या शतकात वॉल्टर मॅप नावाच्या लेखकाने. तोही याच सीमाभागातला.
पण मी म्हणेन खाली हेरफर्डशरला किंग्टनलाही जा. तिथल्या चर्चमध्ये थॉमस व्हॉनची कबर आहे, हा १४६९ च्या लढाईत मेला आणि मग भूत होऊन गावाला छळायला लागला, गाड्या उलटवायचा, माशी होऊन घोड्यांना चावायचा, एकदा तर बैल होऊन चर्चमध्येच घुसला. शेवटी बारा पाद्री बारा मेणबत्त्या घेऊन प्रार्थना वाचत बसले, एकेक मेणबत्ती विझत गेली, एकच राहिली, पण भूत लहान लहान होत गेलं आणि तपकिरीच्या डबीत कोंडलं. डबी हर्जेस्टच्या तळ्यात, वर मोठा दगड. एला लेदर यांच्या १९१२ च्या पुस्तकात ही गोष्ट आहे. आणि कमाल म्हणजे याच हर्जेस्टच्या वाड्यात वेल्श भाषेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्यांपैकी एक होती, 'रेड बुक ऑफ हर्जेस्ट', मॅबिनोगियनच्या म्हणजे जुन्या वेल्श कथासंग्रहातल्या कथा त्यात आहेत. आता ती ऑक्सफर्डला बॉडलियन लायब्ररीत आहे, वेबसाइटवर पानं बघता येतात.

डोंगरयात्री
@पुस्तकवेडी भारी माहिती!
लहान मुलांना मात्र मिचेल्स फोल्ड जास्त आवडेल. दुष्काळात एक पांढरी गाय येते, प्रत्येकाने एक भांडं आणायचं, ती भरून दूध देणार, कितीही लोक येवोत. एक चेटकीण चाळण घेऊन येते आणि रात्रभर दूध काढत बसते, चाळण काही भरत नाही, गाय आटते आणि कायमची निघून जाते. तिथे दगडांचं कडं आहे, कांस्ययुगातलं. जवळच्या मिडलटनच्या चर्चमध्ये खांबावर हीच गाय आणि चेटकीण कोरलेली आहे, ते चुकवू नका.

सीमेपलीकडचा
मी वेल्समध्ये राहतो, म्हणून एक सांगतो. टेलफर्डजवळच्या रेकिन टेकडीची गोष्ट तुमच्या मुलांना शाळेत कळेलच, राक्षस फावडंभर माती घेऊन सेव्हर्न नदी अडवून श्रूजबरी बुडवायला निघतो, वाटेत जोडे शिवणारा भेटतो आणि पोतंभर फाटके जोडे दाखवून म्हणतो तिथपर्यंत चालता चालता एवढे झिजले, तेव्हा राक्षस कंटाळून माती तिथेच टाकतो, तीच रेकिन. या गोष्टीत राक्षस वेल्श असतो! शेजाऱ्याची भीती गोष्टीत कशी उतरते ते बघा. पण एड्रिकच्या वेळी हेच वेल्श मित्र होते. मुलांना दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगा, अकरा वर्षांच्या मुलाला फरक नक्की कळेल.

टेलफर्डवासी
सगळ्यांचे मनापासून आभार! रेकिन तर घरातूनच दिसते आम्हाला. येत्या शनिवारी आधी मिचेल्स फोल्ड आणि मिडलटनचं चर्च, जमलं तर परतताना स्टिपरस्टोन्स. किंग्टनला सुट्टी लागल्यावर जाऊ. हेरफर्डशरचं अजून कोणाला काही माहीत असेल तर इथेच टाका प्लीज.